आई म्हणते 'नको', बाबा म्हणतो 'चल'!

पिझ्झा-बर्गरसाठी मुलं जेवढा हट्ट करत नाहीत, तेवढे हल्ली त्यांचे आईबाबा आपापसात वाद घालतात. हे भांडण नक्की कशाचं आहे?

लग्न ठरवताना आपण एकमेकांना काय काय विचारतो! पॅकेज किती, परदेशात जायचं का, आईबाबांबरोबर राहायचं का, मुलं कधी... पण 'आपल्या मुलाला पहिला बर्गर कितव्या वर्षी द्यायचा' हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकलंय? नाही ना! मग मूल अडीच-तीन वर्षांचं होतं, कुणाच्या तरी बर्थडे पार्टीत त्याच्या हातात फ्रेंच फ्राइजचा पहिला तुकडा पडतो आणि एरवी सगळ्या बाबतीत एकमत असणारे दोघं अचानक दोन वेगळ्या पक्षांचे निघतात.

गेले काही आठवडे मी पुण्यात याच विषयावरून लोकांचं डोकं खातेय. ऑफिसच्या पँट्रीत, सोसायटीच्या गार्डनमध्ये, एका बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये. नावं छापणार नाही असं कबूल केल्यावर सगळे भडाभडा बोलले. आणि गंमत म्हणजे बर्गरबद्दल कुणीच फार बोललं नाही. बोलले ते आपल्या आईवडिलांबद्दल, आपल्या लहानपणाबद्दल आणि आपल्या नवऱ्या-बायकोबद्दल!

पक्ष पहिला : घरात जंक नको

वाकडला राहणारी माझी एक मैत्रीण. आयटीत टेस्टिंगची टीम सांभाळते. मुलगी नऊ वर्षांची. पार्टीला जायच्या आधी मुलीला घरीच पोटभर जेवायला घालायचं, पिझ्झा खायचाच असेल तर घरी कणकेचा करायचा, कोल्ड्रिंक घरात आणायचंच नाही, असा हिचा फंडा. बाकीच्या आया हिला मागून 'हिटलर' म्हणतात, हेही तिला माहीत आहे.

"माझ्या माहेरी फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी इन्सुलिनचं पेन असायचं," ती म्हणाली. वडील, काका, आत्या, सगळ्यांना डायबिटीस. वडिलांच्या पायाची जखम सहा महिने भरत नव्हती, ते तिने शाळेत असताना रोज पाहिलंय. तिला मेनूकार्डावर बर्गरचं चित्र दिसलं, की तिच्या डोळ्यांपुढे तो पाय येतो.

तिची भीती हवेतली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ३.४ टक्के झाला. टक्के लहान दिसतात, पण पाचेक वर्षांतली वाढ बघा. आणि युनिसेफने २०२५ मध्ये जाहीर केलं, की जगभरात शाळकरी वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय.

पक्ष दुसरा : अगं, खाऊ दे की!

आता त्याच घरातला दुसरा पक्ष. या मैत्रिणीचा नवरा.

हा लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. लहानपणी 'हॉटेलात खाणं' म्हणजे एसटी स्टँडच्या कँटीनमधली भजी, तीही वर्षातून दोनदा, मामाच्या गावाला जाताना. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्सने दिल्ली आणि मुंबईत दुकानं उघडली, तेव्हा हा शाळेत होता. पेपरात फोटो पाहिल्याचं त्याला आठवतं. पुढे इंजिनीअरिंगला पुण्यात आला. डेक्कनवरच्या एका बर्गरच्या दुकानासमोरून तो रोज जायचा, पण आत जायला त्याला दोन महिने लागले. पैसे होते. ऑर्डर इंग्रजीत द्यावी लागेल आणि आपल्याला ती देता येणार नाही, ही धास्ती होती.

"माझी पोरगी काउंटरवर जाऊन बिनधास्त ऑर्डर देते ना," तो म्हणाला, "तेव्हा मला काय वाटतं, ते तुम्हा पुण्याच्या लोकांना नाही कळायचं."

मला कळलं. निदान थोडंफार. त्याच्यासाठी तो बर्गर म्हणजे मैदा आणि चीज नाहीच. गावाहून शहरापर्यंतचा सगळा प्रवास त्या ट्रेमध्ये आहे. बायको 'नको' म्हणते, तेव्हा त्याला वाटतं, माझ्या कष्टाने मुलीला जे मिळालं तेच ही नाकारतेय. आणि तो 'चल' म्हणतो, तेव्हा तिला वाटतं, माझ्या बापाचा पाय याला दिसत नाही. वर भांडण कशावरून, तर फ्राइज लार्ज की रेग्युलर!

'आईला सांगू नकोस हं'

हे सगळं नवरा-बायकोत राहिलं असतं तर ठीक होतं. पण दर शनिवारी स्विमिंगच्या क्लासहून परत येताना बाप-लेकीची गाडी ड्राइव्ह-थ्रूकडे वळायला लागली. दोघांचं छोटंसं सिक्रेट. तीन महिने कुणाला पत्ता नव्हता. मग एक दिवस मैत्रिणीला गाडीच्या दाराच्या कप्प्यात बिल सापडलं. तिने मुलीला सहज विचारलं, "क्लासनंतर काय खाल्लंस गं?"

"केळं," मुलगी म्हणाली. डोळ्याची पापणीही हलली नाही.

"बर्गरचं काही नाही," मैत्रीण मला सांगत होती. "पण ती इतक्या सहज खोटं बोलली, की मला धडकीच भरली. आज बर्गर लपवला. पंधराव्या वर्षी काय लपवेल?"

नवरा यावर गप्प होता. त्याला हे सगळं लाडाचं वाटत होतं. आपण लेकीला आईपासून गोष्टी लपवायची शिकवणी देतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलांना घरातल्या या राजकारणाचा नकाशा तोंडपाठ असतो. या बाईसाहेबांना मी विचारलं, तर उत्तर तयार होतं : आईला विचारायचंच नाही. बाबाला गाडीत एकटं गाठायचं. आजीला कधीही!

आजींचं 'घरचं' खातं

आजींचा मुद्दा आलाच आहे, तर तोही बघून घेऊ. जवळजवळ प्रत्येक घरात मला एक अशी आजी भेटली, जी पिझ्झाचं नाव काढताच 'मैदा!' म्हणून नाक मुरडते. पण चार वाजता नातवाला चहात बुडवून खारी देते, सोबत ग्लुकोज बिस्किटं, मध्येच बकाणाभर फरसाण आणि जेवायला कटकट केली तर मॅगी. का? तर ते 'घरचं' असतं म्हणून!

खारी कशाची असते हो, आजी? मैद्याचीच ना!

आपण सगळेच थोड्याफार फरकाने हे करतो. बर्गर म्हणजे जंक आणि वडापाव म्हणजे आपली संस्कृती. अहो, पण वडापावही फास्ट फूडच आहे की! १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर तो जन्मला असं सांगतात आणि तो चालला तो यासाठीच, की गिरणीकडे धावणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, एका हातात धरून, स्वस्तात पोट भरता येत होतं. मॅगी भारतात १९८३ मध्ये आली. 'दोन मिनिटांत' तयार करणाऱ्या त्या वेळच्या आया आजच्या आज्या आहेत. २०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली, मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परत आली, तेव्हा हायसं वाटलेल्यांत कोण कोण होतं, ते आपापलं आठवून बघा!

म्हणजे आजींना गुन्हेगार ठरवायचं का? मुळीच नाही. मुद्दा एवढाच, की आपण रेघ ओढतो ती मेनूच्या भाषेवरून. शरीराला ती भाषा कळत नाही. त्याला मीठ, साखर आणि तेल तेवढं कळतं. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साधारण एक छोटा चमचा, मुलांना त्याहूनही कमी. पाकिटामागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. नूडल्स, वेफर्स, फरसाण, बर्गर सगळ्यांना हा हिशेब लावा. आणि ३०० मिलिलिटरच्या कोलाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. सहा-सात चमचे! चहात एवढी साखर घातली, तर हीच आजी चमचा हिसकावून घेईल.

'मी त्याला बुधवार म्हणते'

मगरपट्ट्याला काम करणारी एक टीम लीड. एकटी आई, मुलगा सात वर्षांचा. पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी पोचायला साडेआठ होतात. पोळ्यांच्या मावशी बुधवारी येत नाहीत. त्या दिवशी फोनवरून ऑर्डर जाते आणि मायलेक टीव्हीसमोर बसून पिझ्झा खातात.

"तुम्ही सगळे त्याला जंक म्हणता. मी त्याला बुधवार म्हणते," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या हातात लाटणं नसतं, म्हणून मी त्याच्याशी गप्पा मारू शकते."

आता हिला कुठल्या तोंडाने 'घरचं ताजं अन्न' यावर लेक्चर द्यायचं? घरचं ताजं अन्न कुणीतरी करावं लागतं आणि ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत अजूनही आईच असते. मी ज्यांच्याशी बोलले, त्यांतले 'बाहेरचं बंद करा' म्हणणारे दोन बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला तेवढे जातात. 'नको' म्हणणं सोपं आहे हो. त्याऐवजी काय, कोण करणार आणि कधी, हेही सोबत सांगा ना!

तिचं एक मात्र मला फार आवडलं. बुधवार म्हणजे बुधवार. गुरुवारी मुलाने रडून गोंधळ घातला तरी पिझ्झा येत नाही. बुधवारी तो शाळेत कसाही वागला असेल, तरी चुकत नाही.

लाच नको, शिक्षाही नको

बाकी बहुतेक घरांत याच्या नेमकं उलटं चालतं. गणितात चांगले मार्क पडले, चल पिझ्झा. इंजेक्शन घेताना रडला नाहीस, चल बर्गर. भाजी संपवलीस तर आइस्क्रीम. म्हणजे मुलाला काय कळतं? भाजी ही शिक्षा आणि बर्गर हे बक्षीस! कंपन्यांना हे आपल्या फार आधी कळलंय. जेवणाबरोबर खेळणं देणारं हॅपी मील अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालं, ते काही उगाच नाही. चिली देशाने तर २०१६ मध्ये मीठ-साखर-चरबी जास्त असलेल्या पदार्थांसोबत खेळण्यांचं आमिष दाखवायलाच बंदी घातली.

मग सरसकट बंदीच बरी का? इथे 'नो जंक' वाल्यांनी जरा थांबावं. जेनिफर फिशर आणि लिअन बर्च या दोन अमेरिकी संशोधकांचा १९९९ मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर एक खाऊ ठेवला. तो दिसायचा, पण ठरावीक वेळेशिवाय मिळायचा नाही. तसाच दुसरा खाऊ मात्र हवा तेव्हा घेता येत होता. अडवलेल्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलायला लागली, तो जास्त मागायला लागली आणि मिळाला तेव्हा जास्त घेतला. पार्टीत केकच्या टेबलापाशी तळ ठोकून बसलेलं मूल अनेकदा सगळ्यात कडक घरातलं असतं, हे आपण पाहिलेलं असतंच.

म्हणजे अगदी मोकळं सोडणं नको आणि कुलूपही नको. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी या कामाची वाटणी सोपी करून ठेवली आहे : काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, ते मुलाने. वाचायला सोपं. ताटापुढे बसून गप्प राहणं महाकठीण!

सरकारनेही आपल्या परीने हात लावलाय. महाराष्ट्रात २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमधून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश निघाला. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार असे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कशात किती साखर असते ते मुलांना दिसावं म्हणून. पण गेटपासून एक्कावन्नाव्या मीटरला आपली गाडी उभी असते. तिथून पुढचं आपलं आपल्यालाच बघायचंय.

मूल मधल्या खुर्चीत

मी ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंना भेटले, त्यांच्याकडे दहा-बारा वर्षांची, वजन वाढलेली, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलेली मुलं येतात. रिपोर्ट टेबलावर ठेवला की पहिल्या मिनिटात काय होतं, ते त्यांनी सांगितलं. आई बाबांकडे बघून म्हणते, "यांनीच सवय लावली." बाबा म्हणतात, "घरी काही धड केलं तर तो बाहेरचं मागेल का?" आणि मधल्या खुर्चीत ते मूल मान खाली घालून बसलेलं असतं. आपल्यामुळे भांडण होतंय, एवढंच त्याला कळतं. औषधं आणि डाएट चार्ट नंतर. डॉक्टर आधी त्याला बाहेर पाठवतात आणि दोघांना सांगतात, तुमचं एकमत झाल्यावर या.

वाकडच्या जोडप्याने हे डॉक्टरांपर्यंत जाऊ दिलं नाही, हे त्यांचं शहाणपण. बिल सापडल्यावर आठवडाभर अबोला झाला, मग दोघं बसले. ठरलं ते असं : महिन्यातून दोन शनिवार, तिघांनी मिळून जायचं. कुठे जायचं ते मुलगी ठरवणार. कोल्ड्रिंक नाही. चोरून काही नाही. तिची अट, खाणं हे बक्षीस नको आणि शिक्षाही नको. त्याची अट, टेबलावर बसून 'मैदा' हा शब्द काढायचा नाही. शिवाय मंगळवारचा स्वयंपाक तो करणार, कारण नुसत्या अटी घालायला कुणाचं काय जातं!

पहिल्याच शनिवारी मुलीने दोन बर्गर मागवले आणि दोन्ही संपवले. मैत्रिणीने जीभ चावून धरली होती. आता चार महिने झालेत. लेक अजूनही कधीकधी गाडीत बाबाला गाठते. बाबा म्हणतो, "पुढच्या शनिवारी. आईबरोबर." मंगळवारी तो लातूरकडची शेंगदाण्याची आमटी करतो. तिखट असते, पण लेकीला आवडते. त्या आमटीच्या निमित्ताने एसटी स्टँड, भजी, मामाचं गाव, सगळ्या गोष्टी तिला सांगून झाल्यात. डेक्कनच्या दुकानाबाहेरचे ते दोन महिने बायकोलाही तेव्हाच पहिल्यांदा कळले.

आणि हो, 'आम्हाला कुठे मुलं आहेत' म्हणून पान उलटणाऱ्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत! भाचरांसाठी हातात मोठ्ठं पार्सल घेऊन येणारे लाडके मामा आणि मावशी तुम्हीच ना? पुढच्या वेळी घंटी वाजवण्याआधी ताईला एक फोन करा. तिच्या घरचा शनिवार कुठला, ते विचारून घ्या.

आधी दोघांत ठरवा

• किती वेळा? 'कधीतरी' हे उत्तर चालणार नाही. महिन्यातून दोनदा की आठवड्यातून एकदा, ते आकड्यात ठरवा.

• यादीत काय काय? वडापाव, नूडल्स, फरसाण, खारी, बिस्किटंही मोजा. यादी आजी-आजोबा आणि पाळणाघराच्या ताईंनाही सांगा.

• 'नको' कुणी म्हणायचं? दरवेळी आईनेच व्हिलन व्हायचं, असं नको. आळीपाळीने म्हणा.

• 'आईला सांगू नकोस', 'बाबाला सांगू नकोस' ही दोन्ही वाक्यं घरातून हद्दपार.

• बाहेर गेल्यावर पाणी किंवा ताक. कोल्ड्रिंक वगळलं तरी बराच फरक पडतो.

• मुलासमोर वाद नको. पटलं नाही तर रात्री बोला.

तर या वीकएण्डला बच्चेकंपनी झोपली की दोघं बसा आणि सुरुवात आकड्यांनी करू नका. 'तू लहानपणी बाहेरचं पहिल्यांदा काय खाल्लं होतंस?' इथून करा. आणि बोलता बोलता दोघांनाही भूक लागली, काहीतरी मागवावंसं वाटलं, तर आधी मुलं खरंच झोपलीयत ना, तेवढं बघून घ्या!